बाबांचा आवाज डबीत बसेना

४ मार्च

बोलत नाही म्हणजे नाहीच! सकाळी लॅपटॉपवर खडाखडा बोलत होतं. तेच उचलून डबीवर ठेवलं, तर एक ओळ फेकून गप्प — 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही. अशी फाईलच नाही.' परत चालवलं. परत तीच ओळ. त्यानंतर चालवताना मी चक्क हात जोडले. डबीला दया आली नाही.

डबी म्हणजे अश्वजितदादानं मुंबईहून आणून दिलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर. "एकदम सॉलिड चीज आहे, फक्त पाडू नको," असं बजावून गेलाय. वीस मार्चला चवदार तळ्यावर एवढी माणसं येतात की महाडात मोबाईलला रेंज नावालाही राहत नाही. म्हणून दूर कुठं सर्व्हर घेऊन उपयोग नाही, तो मंडपातच हवा. डबी स्वतःचं वायफाय सोडणार, मंडळाची पोरं आपापल्या मोबाईलवर चुकलेल्या माणसाचं गाव आणि नाव भरणार, आणि कर्ण्यातून पुकारा होणार.

बाबांच्या आवाजात!

हे शेवटचं माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. महिपतीकाकांनाही नाही. ते मंडळाचे अध्यक्ष, त्यांना वाटतंय मशीनचा आवाज येणार, बँकेत टोकन पुकारतात तसा.

आता ही लायब्ररी म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं तयार काम. माझा प्रोग्रॅम आवाजाच्या फाईली स्वतः उघडत नाही, उघडणारीला नावानं हाक मारतो. लॅपटॉपवर ती केव्हापासून मुक्कामाला आहे, कुठल्या कामासाठी मी तिला आणलं होतं ते मलाच आठवत नाही. डबी कोरी करकरीत. तिथं हाकेला ओ देणारं कुणी नाही.

५ मार्च

महिपतीकाका येऊन गेले. बाबांना म्हणाले, "मास्तर, नुसते येऊन बसा. तुम्ही नसलात तर कक्षाला कक्ष कोण म्हणेल?"

बाबांनी मोबाईल घेतला, शांतपणे टाईप केलं, आणि काकांच्या खिशात टिंग वाजलं. 'बिनआवाजाचा माणूस माईकपुढे बसवून काय करता? या वर्षी मी येणार नाही. — दत्ताराम.' समोर बसलेल्या माणसाला मेसेज करतात, तरी खाली सही! विरामचिन्हं सगळी जागच्या जागी. सदतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस.

मला कळायला लागल्यापासून वीस मार्चला बाबा घरी नसायचे, कर्ण्यात असायचे. चुकामूक कक्षाचा माईक त्यांच्याकडे. दिवाळीनंतर घशातली गाठ काढली, गाठीबरोबर आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे बघा. आम्ही तेच बघतो. पण बाबांनी आधी बाजारात जाणं सोडलं, मग संध्याकाळचं तळ्यावर फिरणं सोडलं. माणूस बोलेनासा झाला की लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागतात, जणू कान गेलेत. त्याचा त्यांना भयंकर राग येतो. आणि राग ओरडून काढता येत नाही.

वीस मार्चला ते घरी बसले, तर नंतर ते कुठंच जायचे नाहीत. मला भीती आहे ती याची. बाकी डबी, लायब्ऱ्या सगळं गेलं खड्ड्यात.

६ मार्च

आवाजाची लायब्ररी डबीवर आणली. ती येते तोच म्हणते, माझी अमकी कुठाय? अमकी आणली. तिला तमकी हवी! लग्नाचं आमंत्रण एका काकूला द्यावं आणि तिनं उंबऱ्यातूनच विचारावं, "आमच्या नणंदबाईंना बोलावलंय ना? नाहीतर मी आत येत नाही."

दिवसभर नणंदाच आणतेय.

महिपतीकाकांचा फोन — "झालं का? चाललं का?" मी म्हटलं, होतंय काका. तर म्हणे, फ्लेक्स छापायला टाकला. 'संगणकीकृत चुकामूक कक्ष.' अहो, आधी चालू तर द्या!

७ मार्च

पोलादपूरला किशोरकडे जाऊन आले, स्कुटीवर. ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं वाफवून निघालं. किशोर म्हणजे आमचा कर्णेवाला. मूळचा कुडपणचा, दुकान पोलादपुरात स्टँडजवळ. शिमग्याची कामं उरकून अर्धमेला होऊन बाकड्यावर पडला होता.

मागच्या महिन्यात त्याच्याकडूनच मी बाबांचे जुने पुकारे आणले होते. मिक्सरमधून जे जातं ते तो पेन ड्राइव्हवर साठवतो, दरवर्षी. त्यातून मी एकेक गाव, एकेक नाव कापून वेगळं केलंय. पण दोन वर्षांचे पुकारे कमी होते. त्यानं बिस्किटांच्या डब्यातून अजून एक पेन ड्राइव्ह काढला.

"शिमग्याचा ढोल भरायला जागा नव्हती गो ह्याच्यात. पन मास्तरांचा आवाज हाय. पुसायला हात नाय झाला."

मी तो पर्समध्ये खोल ठेवला. मग म्हटलं, "कुणाला सांगू नका हं."

"मी कोनाला सांगतोय? माझं कोन ऐकतंय? माझ्या कर्न्याचं ऐकतात."

८ मार्च

शहाणपणा केला. म्हटलं, कशाला एकेक नणंद आणत बसा, लॅपटॉपवरच्या सगळ्या लायब्ऱ्या उचलून डबीत टाकू! टाकल्या. डबीनं एकीलाही ओळख दाखवली नाही. लॅपटॉपची चिप वेगळी, डबीची वेगळी. त्याच्यासाठी बनवलेलं हिला वाचताच येत नाही. हे मला माहीत होतं! यावर मी पुण्यातल्या ऑफिसात नवीन पोरांना तासभर शिकवलंय!

वरून आता डबीत एवढा पसारा झालाय की काय कुणाचं ते कळेना. सगळं पुसून कोरं केलं.

संध्याकाळी नव्या पेन ड्राइव्हमधली नावं कापत होते. हेडफोनची पिन सुटलेली लक्षात आलं नाही. बाबांचा आवाज खोलीभर — "वरंध… वरंध… वरंध…" मागं वळून बघते तर दारात आई. हात कणकेचे. बाबा बाहेर गॅलरीत होते, नशीब.

"काय हाय ते?"

सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माणूस घरात बसलाय आन त्याचा आवाज डबीत भरतेस? बंद कर." आणि गेली. पोळ्या आज जाड झाल्या. कुणी काही बोललं नाही. एकाला येत नाही, दोघींना धीर नव्हता.

१० मार्च

आता कंटेनर. म्हणजे प्रोग्रॅमबरोबर त्याचं सगळं बिऱ्हाड एका पेटीत भरून न्यायचं, जाईन तिथं काही मागायला नको. आई माहेरी, नाते गावाला, दोन दिवस जाते तेव्हा पोळपाट-लाटणं सुद्धा नेते, त्यातला प्रकार. पेटीत काय काय भरायचं त्याची एक कृती लिहायची, पेटी त्या बरहुकूम बनते.

डबी लहान म्हणून मी सर्वांत हलकी पेटी निवडली. बनली झटकन. चालवली — 'फाईल सापडत नाही.' आत जाऊन बघितलं. फाईल आहे. समोर! नाव तेच, आकार तोच. चालव म्हटलं — 'नाही.' अगं, ही काय! 'नाही.'

आपल्याच घरात उभं राहून कुणीतरी आपल्याला "निशा घरी नाही" सांगावं?

११ मार्च

फाईल आहे. नाही म्हणते. आहे. नाही म्हणते. मी नोकरी सोडून आंबे विकणार.

१२ मार्च

सापडलं!!

फाईल होतीच. ती ज्या मूळ लायब्ररीच्या भरवशावर बनली ती या हलक्या पेटीत नाही. तिच्या जागी दुसऱ्याच घराण्यातली, बारीक चणीची एक बसवलेली आहे. कमी होती ती भलतीच, आणि मेली चूक दाखवते समोरच्या फाईलकडे बोट करून! 'सापडत नाही' एवढं म्हणते, कोण सापडत नाही ते सांगत नाही. बाबांनी असा पुकारा कधी केला असता तर मंडपात दंगल झाली असती.

हलकी पेटी दिली फेकून. मोठी घेतली, डबीच्या चिपसाठीची. बनायला दुपार गेली, कारण आमच्या नेटला उन्हाळा लागलाय. पण बोलली! "ऐका. नाते… पोलादपूर… कुडपण…" गावांची नुसती ओळख परेड. मी खुर्चीवर उभी राहून नाचले. एक लायब्ररी मधेच रुसली, ती हातानं ढकलून दिली आत. झालं.

आई भाजी निवडताना सहज म्हणाली, "ते तुझं झालं का मग?" मी म्हटलं, झालं. "बरं." एवढंच.

१४ मार्च

झालं नव्हतं.

दुपारी लाईट गेली. आली तेव्हा डबी उठली, कृतीप्रमाणे नवी पेटी उघडली — आणि परत तीच ओळ! लायब्ररी उघडता येत नाही! मी डबीकडे बघत बसले. मग आठवलं. परवा जी हातानं ढकलली, ती चालत्या पेटीत ढकलली होती. कृतीत लिहायची राहिली. नवी पेटी उघडली की ती गायब. मंडपात किशोरचा जनरेटर दिवसातून किती वेळा दम तोडतो ते मला ठाऊक आहे. तिथं नेट पण नसणार, काही आणायची सोय नाही.

कृतीत लिहिली. पेटी परत बनवायला लावली. आई विचारत होती, सारखं सारखं तेच काय करतेस? मी म्हटलं, मीठ घातलं होतं, पण वहीत लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मीठ कोन लिवतं?" तेच ना!

१५ मार्च

बाबांना वीस तारखेचं विचारलं. मेसेज आला — 'विषय संपलेला आहे. — दत्ताराम.' टिंग वाजलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

आता त्यांना दाखवायची वेळ झाली, उद्या-परवा. एकदा मंडपात नीट चालवून बघते, मग त्यांना घेऊन जाते. मोठं सरप्राईज!

१६ मार्च

सरप्राईज झालं. माझं.

मंडपात गेले. किशोरनं कर्णे बांधले होते — तळ्याच्या बाजूला, बाजारपेठेत, पार स्टँडपर्यंत. मी डबी ठेवली, वायर जोडली. म्हटलं, आत्ता आवाज बाहेर जात नसेल. हे मी किशोरला विचारलं नाही. आणि किशोरनं मला सांगितलं नाही की तो कर्णेच तपासतोय, सगळे चालू आहेत. फॉर्ममध्ये तोंडाला येईल ते भरलं — गाव कुडपण, नाव गणू. दाबलं.

अख्ख्या महाडावर बाबांचा आवाज.

"ऐका. कुडपण, गणू, मंडपात या. तुमचं माणूस वाट बघतंय."

बाजार थांबला. खोटं सांगत नाही, थांबला. भाजीवाली तराजू धरून वर बघत राहिली. दिवाळीपासून हा आवाज कुणी ऐकला नव्हता.

आणि पाचेक मिनिटांत खराखुरा गणू आला! एका हॉटेलात कामाला आहे, कुडपणचाच. अंगाला पीठ, धापा टाकत. "कोन आलंय? माझी आय आली काय?" किशोर बाकड्यावर पडून हसायला लागला. मी गणूची माफी मागितली. त्यानं कर्ण्याकडे बघितलं. "पन मास्तर तर बोलत नाय ना आता?" मग आम्ही कुणीच हसलो नाही.

घरी पळत आले. दारात चपला चपला. आमच्या गल्लीतली, मागच्या गल्लीतली, "मास्तर, आवाज आला!" म्हणत घुसलेली माणसं. एकानं पेढे आणलेले. बाबा मधे खुर्चीत. ते बोलत नाहीत हे बघून एकेकाचा चेहरा उतरत होता. आईच सगळ्यांना समजावत होती, "नाय हो, पोरीनं मशीन केलंय, मशीन. पेढे घ्या तुमचे." कुणी पेढे परत घेईना.

सगळे गेल्यावर टिंग.

'आवाज माझा आहे. विचारायला हवे होते.'

खाली सही नव्हती.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकलंस ना? आता बस."

१७ मार्च

बाबा जेवायला आले, जेवले, आत गेले. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. काय सांगू? लाज वाटतेय. मला वाटत होतं मी त्यांना आवाज परत देतेय. त्यांना मात्र बाजारानं सांगितलं की तुमचा आवाज आता तुमच्याशिवायही चालतो.

काकांना फोन करून सांगितलं, मशीनच्या आवाजात करू. बँकेतल्या टोकनसारखं. त्यांनी एकदम आवाज खाली आणून विचारलं, "मास्तर रागावलेत का गं?"

१८ मार्च

सकाळी टिंग. टिंग. टिंग. टिंग. मला वाटलं ऑफिस!

'गावाच्या नावानंतर मी थांबतो. तुझे यंत्र थांबत नाही.'

'थांबतो कारण त्या गावची माणसे तेव्हा मान वर करतात. मान वर झाली की मग नाव सांगायचे. आधी सांगितले तर हवेत जाते.'

'"ऐका" हा शब्द तू कुठल्या वर्षीचा घेतलास? त्या वर्षी मला सर्दी होती. बदल.'

'हरवले हा शब्द माझ्या आवाजात कुठेही येता कामा नये. माणूस हरवत नाही. चुकामूक होते.'

मी धावत त्यांच्या खोलीत. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, मोबाईल धरून. मी म्हटलं, बाबा, सॉरी. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. पाचवा मेसेज लिहायचा होता.

'प्रत्येक पुकारा आधी मी बघणार. मी हो म्हटल्याशिवाय कर्ण्यातून जाणार नाही. ते जमणार असेल तर मी येतो. — दत्ताराम.'

सही आली!! सही आली!!

दोन दिवस उरलेत आणि नवीन बटण हवंय. हो. जमणार. का नाही जमणार!

१९ मार्च

बटण केलं. बाबांच्या मोबाईलवर पुकारा आधी जातो, ते 'हो' दाबतात, मग बाहेर. गावानंतर थांबणं घातलं. 'ऐका' बिनसर्दीचं घातलं. बटणाला एक नवी लायब्ररी लागली — लागली तशी आधी कृतीत लिहिली! सगळी पेटी घरीच बनवून नेली.

मंडपात प्लग उपटला. परत लावला. बोलली. परत उपटला. बोलली. महिपतीकाका छातीवर हात ठेवून, "अगं मोडशील!" मी म्हटलं, आज मोडू दे, उद्या नको. फ्लेक्सवर बाबांचा फोटो टाकलाय, त्यात ते चांगलेच तरुण आहेत.

आईला घरी मोबाईलवर फॉर्म उघडून दिला, बाबांच्या बटणाची तालीम करायला. ती नावं भरत होती, बाबा आतून 'हो' दाबत होते, आणि घरी कर्णा नाही म्हणून पुकारा तिच्याच मोबाईलवर वाजत होता. कुठली कुठली नावं भरली बाईनं! सगळं माहेर पुकारून घेतलं.

२० मार्च

पाय नाहीत मला. उद्या.

२१ मार्च

पांढरा सदरा घालून बाबा सकाळीच तयार. आईनं विचारलं, इतक्या लवकर? त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हणजे उशीर झालाय.

तळ्याच्या वाटा माणसांनी भरलेल्या. निळे झेंडे, पांढरी लुगडी, कडेवरची पोरं, जय भीम जय भीम. बाबा नेहमीच्या खुर्चीत. समोर माईकऐवजी मोबाईल. पहिला पुकारा आला तेव्हा त्यांनी तो वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि 'हो' दाबलं. त्यांचा आवाज त्यांच्या डोक्यावरून गेला. ते ऐकत राहिले. मग दुसरा आला. मग त्यांना सवड उरली नाही.

जनरेटरनं दोनदा मान टाकली. डबी दोन्ही वेळा आपली आपण उठली. मी तिचा मुका घेतला. किशोरनं पाहिलं, आता तो वर्षभर चिडवणार.

दुपारी कोंडाजी नावाचे एक आजोबा आले. काठी, टोपी, बरोबर कुणी नाही. आपली माणसं चुकली म्हणाले. पोरांनी विचारलं, गाव? म्हणाले, वरंध. भरलं. बाबांनी हो दाबलं. "वरंध… कोंडाजींबरोबरची माणसं… मंडपात या. तुमचं माणूस वाट बघतंय." कुणी आलं नाही. परत. कुणी नाही. पुन्हा एकदा. वरंधची दोन माणसं आली, पण ती म्हणाली, आम्ही ह्यांना ओळखत नाही, आमची वरंधची माणसं सगळी हजर आहेत. आजोबा आता काठी घट्ट धरून बसलेले. दुपारची गोळी राहिली म्हणत होते, गोळी बरोबरच्या पिशवीत.

बाबा उठले. आजोबांसमोर उकिडवे बसले. मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं — 'आलात कुठून?'

"विक्रोळीवरनं. आमच्या बिल्डिंगची बस हाय."

"मग विक्रोळी का नाही सांगितलंत आजोबा?" मी.

"तू गाव इचारलंस! विक्रोळी काय गाव हाय?"

चाळीस वर्षं विक्रोळीत राहतात. गाव वरंध! बसमधली सगळी बिल्डिंग विक्रोळीची, त्यांना वरंध ऐकून मान वर करायचं कारणच नाही. आपल्याकडचा एक मुंबईकर गाव विचारल्यावर मुंबई सांगेल तर शपथ! आणि हे फॉर्म बनवताना मला सुचलं नाही. मला, महाडच्या पोरीला!

विक्रोळी भरलं. डबीनं उत्तर दिलं, हा शब्द आवाजात नाही.

बाबांनी तो इतक्या वर्षांत कधी पुकारलाच नव्हता. सगळे गावच सांगत आले असणार. मी डबीकडे बघतेय, आजोबा माझ्याकडे. बाबांनी किशोरला खूण केली. त्यानं माईक आणून दिला. बाबांनी तो माझ्या हातात ठेवला आणि ओठांनी सांगितलं, वि-क्रो-ळी.

मला माईकची भीती वाटते. शाळेत भाषणात ततपप झालं होतं माझं. पण पोरांनी गावाची जागा रिकामी ठेवून पुकारा पाठवला, बाबांनी 'हो' दाबलं, त्यांचा आवाज म्हणाला, "ऐका." आणि मधे भोक पडलं. मी बोलले, "विक्रोळी." आवाज किती बारीक आला! बाबांनी हात वर धरला, थांब. थांबले. दूरवर माना वर होताना दिसल्या, शपथ दिसल्या. मग त्यांनी हात खाली केला आणि त्यांचा आवाज — "कोंडाजींबरोबरची माणसं… मंडपात या…"

लोक हसले. बाप-लेकीचा पुकारा म्हणाले. पण विक्रोळीची अर्धी बस पळत आली, पिशवी घेऊन, एक बाई रडत, आजोबांना रागावत. "बाबा, तुम्ही गाव कशाला सांगितलंत!" आजोबा म्हणाले, "मग काय सांगू?"

उरलेला दिवस बाबा मोबाईलवर हो दाबत होते आणि नसलेले शब्द माझ्याकडे ढकलत होते. भांडुप मी. डोंबिवली मी. परभणीकडच्या एका वाडीचं नाव मी आडवंतिडवं म्हटलं, बाबांनी कपाळावर हात मारला आणि परत म्हणायला लावलं.

संध्याकाळी आम्ही तिघं चालत घरी आलो. बाबा वाटेत बाजारात थांबले. भाजी घेतली! भाजीवाली मोठ्यानं बोलायला लागली तेव्हा त्यांनी कानाकडे बोट करून मान हलवली, शाबूत आहेत म्हणून. ती हसली. बाबाही.

आई मागं मागं चालत होती. दिवसभर गर्दीत असून तिनं एक अक्षर काढलं नव्हतं. मला वाटलं दमली.

२२ मार्च

डबी दादाला परत पाठवायची. चारच्या सुमाराला खोका आणायला बाजारात गेले, परत आले तर घरात बाबांचा आवाज. स्वयंपाकघरातून.

"ऐका. नाते… मंजुळा… मंडपात या. तुमचं माणूस वाट बघतंय."

मंजुळा म्हणजे आई. बाबांनी तिला 'अगं' म्हटलेलं, 'निशाची आई' म्हटलेलं ऐकलंय. नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नाही. कुठल्या तरी वर्षी कुठल्या तरी मंजुळेला पुकारलं असेल, म्हणून ते डबीत होतं.

आई ओट्याशी पाठमोरी. मोबाईल कानाशी धरलेला. बाबा माझ्याआधीच दाराशी उभे होते, त्यांच्या हातात त्यांचा मोबाईल. अंगठा बटणावर. मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि परत हो दाबलं.

"नाते… मंजुळा…"

आई न वळता हळूच म्हणाली, "आले हो."